पाण्यात उभं रानजायफळ: हेवाळे-बांबर्डेच्या राईचं प्रकरण

चिखलातून वर आलेलं एक मूळ. जमिनीतून निघून वीतभर चढलेलं, मग वळून पुन्हा चिखलातच शिरलेलं, उकिडव्या बसलेल्या माणसाच्या गुडघ्यासारखं. शेजारी दुसरं, त्यापलीकडे आणखी दहा-बारा. वाकून पाहिलं तर सालीवर बारीक पुळ्या दिसतात, बोट फिरवलं की खरखर लागते. या पुळ्या म्हणजे मुळांची नाकं. खाली काळ्या, मऊ चिखलात प्राणवायू नावालाही नसतो, म्हणून मूळ श्वासापुरतं वर येतं आणि पुन्हा खाली जातं. याच झाडाला खोडाच्या तळाशी आणखीही मुळं असतात. ती जमिनीपासून काही उंचीवर खोडातून फुटतात आणि तिरकी खाली उतरून झाडाला टेकू देतात. खाडीकाठच्या कांदळवनात हे सारं आपण पाहिलेलं असतं. इथे मात्र पाणी गोडं आहे.

हे झाड म्हणजे रानजायफळ, जायफळाच्या कुळातलं, शास्त्रीय नाव मायरिस्टिका मॅग्निफिका. आपल्या मसाल्याच्या डब्यातलं जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं. हे मात्र अस्सल सह्याद्रीचं, जगात दुसरीकडे कुठेही आपोआप न उगवणारं. मसाल्याच्या यादीत जायपत्रीच्या शेजारी जी रामपत्री असते, ती याच्या सख्ख्या भावाची, मायरिस्टिका मलबारिकाची. तो भाऊ पाणथळीबाहेरच्या सदाहरित रानातही वाढतो. मॅग्निफिकाला ते जमत नाही. त्याला पायाशी ओल लागते ती वर्षाचे बाराही महिने, आणि तीही संथ वाहत्या पाण्याची. अशा जागा सह्याद्रीत मुळातच थोड्या, त्यातल्याही बऱ्याच गेल्या. त्यामुळे जागतिक लाल यादीत हे झाड 'संकटग्रस्त' या गटात आहे.

महाराष्ट्रात त्याची नोंदलेली पाणथळ सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथे आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केलं. क्षेत्र २.५९ हेक्टर. घोषणेचं स्वागत झालं, बातम्या आल्या, आणि बहुतेकांनी मनातल्या मनात हे प्रकरण निकाली काढलं: झाड सापडलं, झाड वाचलं. मला ते निकाली निघालेलं वाटत नाही. या झाडाचा जीव ज्यावर टांगलेला आहे ते पाणी २.५९ हेक्टरांच्या बाहेरून येतं, आणि बाहेरच्या जमिनीचं काय होतंय यावर त्या घोषणेत काही उत्तर नाही.

शोध कुणी कधी लावला

जायफळाच्या पाणथळींची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा १९६० मध्ये झाली. कृष्णमूर्ती यांनी दक्षिण केरळातल्या कुळत्तूपुळा परिसरातल्या अशा जंगलांचं वर्णन केलं. पुढे चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये भारतातल्या जंगलांची जी वर्गवारी केली, तीत या पाणथळींना स्वतंत्र प्रकाराचं स्थान मिळालं. त्यानंतर त्या उत्तर कन्नड जिल्ह्यात नोंदल्या गेल्या, गोव्यात सत्तरी तालुक्यात नोंदल्या गेल्या. महाराष्ट्राची पाटी मात्र कोरीच होती. २०१८ मध्ये दोन अभ्यासकांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात हेवाळे-बांबर्डेची नोंद प्रसिद्ध केली, आणि ती त्या वेळी सह्याद्रीतली ज्ञात असलेली सर्वांत उत्तरेकडची जायफळ-पाणथळ ठरली.

आता 'शोध' हा शब्द जरा जपून वापरला पाहिजे. गावाला ही राई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, ठाऊकच होती. राईत कोयता चालवायचा नाही, हे पिढ्यान् पिढ्या पाळलं गेलं म्हणूनच २०१८ मध्ये कुणाला तिथे काही सापडू शकलं. आजूबाजूची खोलगट, ओली जमीन भातासाठी, सुपारीसाठी कधीच मोकळी झाली होती. ही टिकली ती देवाच्या नावावर असल्यामुळे. अभ्यासकांनी झाडाला नाव दिलं, नकाशावर बिंदू दिला, आणि हे काम मोठंच आहे. पण सांभाळ गावाने केलेला आहे, आणि या प्रकरणाचा पुढचा विचार करताना ही गोष्ट सगळ्यात आधी लिहून ठेवली पाहिजे.

उत्तरेच्या टोकाला असणं म्हणजे काय

दक्षिण केरळात दोन पावसाळे आहेत, नैऋत्येचा आणि मग परतीचा. कोरडे महिने थोडे. जसजसं उत्तरेकडे यावं तसतसा कोरडा काळ लांबत जातो. दोडामार्गात जून ते सप्टेंबर आभाळ फाटतं, ऑक्टोबरात उरलासुरला पाऊस होतो, आणि मग मे संपेपर्यंत जवळजवळ सहा-सात महिने पावसाचा भरवसा नाही. मे महिन्यात कोकणातले कितीतरी व्हाळ, म्हणजे ओढे, तळाचे दगड दाखवायला लागतात. अशा मुलखात पायाशी बारमाही पाणी मागणारं झाड जगतं याचा अर्थ एकच, त्या जागेला पावसाव्यतिरिक्त दुसरा पुरवठा आहे. जमिनीतून झिरपून येणारा.

कोकणात हा पुरवठा कसा चालतो ते सड्यावर राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. वरचा जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो. खाली चिकण मातीचा थर लागला की पाणी अडतं, आडवं सरकतं आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. उतारावर रान असेल तर हे सगळं सावकाश होतं. पालापाचोळा पाण्याला थांबवतो, मुळं त्याला खाली उतरायला वाटा देतात, आणि सप्टेंबरात पडलेला पाऊस एप्रिलमध्येही झऱ्याला थोडाथोडा पुरतो. रान काढलं, जमीन यंत्राने खरवडली, तर तेच पाणी पावसाळ्यातच तांबडं होऊन धावत निघून जातं. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कोरड, दोन्ही वाढतात. एकूण पाऊस तेवढाच राहतो, बदलतो तो त्याचा हप्ता.

इतर झाडं असा बदल काही प्रमाणात सोसतात, पानं गाळतात, मुळं खोल पाठवतात. रानजायफळाची गुडघेमुळं उथळ चिखलासाठी घडलेली आहेत. चिखल वाळला, भेगाळला, की त्यांचा उपयोग संपतो. आणि उलट कुणी प्रवाहावर कायमचा बंधारा घालून पाणी तुंबवलं तर गुडघेच पाण्याखाली जातात, श्वासाची जागा बंद होते. म्हणजे पाणी कमी झालेलं चालत नाही, साचलेलंही चालत नाही. डिसेंबरात व्हाळावर पोत्यांचे बंधारे घालण्याची चांगली चळवळ कोकणात आहे, तिचं कौतुकच आहे. पण राईच्या अगदी खालच्या अंगाला असा बांध घालताना पाणी मागे कुठवर चढेल हे पाहिलंच पाहिजे.

कागदावरचं संरक्षण

कागद कमी नाहीत. जून २०२० मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, २९.५३ चौरस किलोमीटरचं. त्यात ज्या नऊ गावांची नावं येतात त्यांत हेवाळे आणि बांबर्डे दोन्ही आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ज्या कलमाखाली, म्हणजे ३६ अ खाली, असं क्षेत्र जाहीर होतं ते कलम सरकारी मालकीच्या जमिनीपुरतं आहे. दोडामार्गातलं पुष्कळ रान खासगी आहे. त्या रानाला हे कलम शिवत नाही.

दुसरा कागद २०२१ चा, वारसा स्थळाचा. जैविक विविधता कायदा २००२, कलम ३७. याच वर्षी आंबोलीजवळच्या हिरण्यकेशी माशाच्या जागेलाही हाच दर्जा मिळाला. हा कायदा मला मनापासून आवडतो, कारण तो गावाला बाहेर हाकलत नाही. राज्य सरकारने स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून जागा घोषित करायची, आणि घोषणेमुळे लोकांच्या चालत आलेल्या वापरावर त्यांनी स्वतः मान्य केलेल्याखेरीज नवी बंधनं आणायची नाहीत, असं त्यामागचं धोरण आहे. कुणाचं आर्थिक नुकसान झालं तर भरपाईची योजना करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. देवराईला हे चपखल बसतं. पण याच मवाळपणामुळे हद्दीपलीकडच्या जमीनमालकाला हा कायदा काहीच सांगू शकत नाही.

तिसरा आधार न्यायालयाचा. सावंतवाडी-दोडामार्ग या वन्यजीवांच्या संचारमार्गात झाडं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मनाई केली. मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने या पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याबाबत चार महिन्यांची मुदत घालून दिली. मधली ११ वर्षं मोजा. दरम्यानच्या काळात तालुक्यात किती टेकड्या बोडक्या झाल्या हे दोडामार्ग ते तिलारी रस्त्याने एकदा गेलं तरी दिसतं.

आता २.५९ हेक्टर म्हणजे नेमकं किती, ते डोळ्यांसमोर आणू. साधारण साडेसहा एकर. चौकोनी धरलं तर एक बाजू १६० मीटरची. अगदी मधोमध जाऊन उभं राहिलं तरी कड ८० मीटरवर असते. ८० मीटर म्हणजे हाक ऐकू येण्याचं अंतर. कडेला उघडं रान किंवा बाग असेल तर तिथून ऊन, कोरडा वारा, वणव्याची धग, खतं-औषधांचं पाणी या सगळ्याला आत शिरायला फार लांब जावं लागत नाही. शेजारच्या संवर्धन राखीवाच्या तुलनेत ही राई हजाराव्या हिश्शाहूनही लहान आहे. एवढ्याशा जागेत स्वतःची सावली आणि ओल स्वतःच राखणं कुठल्याच जंगलाला झेपत नाही.

वरच्या अंगाला काय चाललंय

दोडामार्ग तालुका गेल्या काही दशकांत झपाट्याने बदलला. आधी काजू वाढला. मग रबर आणि अननस आले. रबरासाठी टेकडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत साफ केली जाते, पायऱ्या कापल्या जातात आणि एकाच झाडाच्या रांगा उभ्या राहतात. लांबून हिरवं दिसतं, त्यामुळे फोटोत फरक कळत नाही. जवळ गेलं की पाचोळ्याखालची जमीन टणक लागते.

यात गावकऱ्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, आणि ते चुकीचं आहे. एका डोंगराच्या सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावं असतात. निम्मी मंडळी मुंबईत, काही गोव्यात, काहींचा पत्ताच नाही. रानातून वर्षाला हाती येतं ते थोडकं, आणि वाटणी केली तर चहापाण्यापुरतं. हत्तींचा प्रश्न वेगळाच. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती या तालुक्यात येऊ लागले आणि हेवाळे-बांबर्डे हा तर त्यांच्या वाटेवरचा पट्टा. एका रात्रीत केळी, माड आडवे झाल्यावर सकाळी बागेत उभ्या असलेल्या माणसाला जंगलाचं महत्त्व सांगायला कुठल्या तोंडाने जायचं? अशा वेळी कुणी ठेकेदार अख्ख्या डोंगराची एकगठ्ठा किंमत सांगतो आणि व्यवहार होतो. त्या माणसाकडे दुसरा कुणी गिऱ्हाईक म्हणून आलेलाच नसतो.

हे मी लांबण लावून लिहितोय कारण राईचं भवितव्य या व्यवहारांत ठरणार आहे. राईच्या आत कुणी कुऱ्हाड घेऊन जाणार नाही, ती भीती सगळ्यात कमी. वरच्या अंगाचा उतार विकला गेला, रान तुटलं, एखादी चिऱ्याची खाण सुरू झाली किंवा झऱ्यावर पंप बसून पाणी पाइपातून बागेत गेलं, तर राईतल्या एकाही झाडाला हात न लावता राई संपेल. आणि त्यात कुठल्याही कागदाचा भंग झालेला नसेल.

पुढची पिढी आहे का

मोठी झाडं उभी आहेत म्हणून समाधान मानायची सवय आपल्याला फार. रानजायफळाच्या बाबतीत ती घातक आहे. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. नराला फळ धरत नाही. त्यामुळे राईत समजा पन्नास झाडं मोजली, तर फळणारी त्याहून बरीच कमी असणार. जायफळाच्या या कुळात परागीभवन बारीक भुंग्यांसारख्या इवल्या कीटकांवर चालतं. नर आणि मादी फार लांब पडले किंवा मधली सावली तुटली तर ही ये-जाही मंदावते.

फळ मोठं, तपकिरी लवेने मढलेलं. पिकलं की उकलतं आणि आत जायपत्रीसारख्या चिरफाळलेल्या वेष्टनात गुंडाळलेली भलीथोरली बी दिसते. या बीला वाळणं म्हणजे मरणं. गहू-तांदळाची बी आपण वर्षभर कणगीत ठेवतो. हिला तसं साठवता येत नाही, ओल सुटली की रुजण्याची ताकदही सुटते. म्हणजे बियाणं गोळा करून कुठल्या तरी थंड कपाटात ठेवू आणि निर्धास्त होऊ, हा मार्ग इथे बंद आहे. ही जात जिवंत ठेवायची तर ती जिवंत झाडांच्या रूपातच ठेवावी लागेल.

बी नेणार कोण, हाही प्रश्नच. एवढी मोठी बी गिळू शकणारे पक्षी मोजकेच, त्यांत धनेश पहिला. दोडामार्गाच्या रानात धनेश आहेत, हे भाग्य. पण धनेशाला ढोलीसाठी जुने, जाडजूड वृक्ष लागतात आणि फळांसाठी मैलोन् मैल पसरलेलं रान. साडेसहा एकरांत धनेश भागत नाही. खाली पडलेल्या बियांचं काय होतं, याचा केरळातल्या पाणथळींत अभ्यास झाला आहे. तिथे खेकडे त्या ओढून नेताना आढळले. चिखलातल्या बिळाशी खेकडा बी ओढत नेतोय हे चित्र मला विलक्षण वाटतं. काही बिया तो खात असेल, काही विसरत असेल, आणि एखादी त्या विसरण्यातून रुजत असेल. पण खेकडा बी नेऊन नेऊन किती लांब नेणार? दुसऱ्या व्हाळापर्यंत ती पोचवायची तर पंखच हवेत.

दोन शेजारी

हेवाळे-बांबर्डेला एकटं पाहू नये. सीमेपलीकडे गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या बांबर इथे निरंकाराची राई आहे. तीही देवाची, तीही जायफळाच्या पाणथळीची. गावांच्या नावांतला सारखेपणा सोडला तरी दोन्हीकडची गोष्ट एकच दिसते. निरंकाराच्या भोवतालचं रान गेलं, सुपारीच्या बागा, कुळागरं आली, आणि देवाचं म्हणून जेवढं ठेवलं तेवढंच उरलं. या दोन राया एकाच झाडाच्या कुटुंबातल्या असल्या तरी मधलं अंतर आता धनेशाने भरून काढायचं आहे. राज्यांची सीमा मध्ये आल्यामुळे दोन्हीकडची खाती आपापल्या नकाशावर आपापला बिंदू पाहतात. दोन्ही ठिकाणची माणसं एकत्र बसली तर बरंच सोपं होईल.

दुसरं उदाहरण लांबचं, पण शिकण्यासारखं. उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्धापूरजवळ कत्तलेकान नावाचं जंगल आहे. नावाचा अर्थच अंधारं रान. तिथल्या पाणथळीत २००० साली बिब्ब्याच्या कुळातली एक नवी जात सापडली, तिला जागेवरूनच सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस असं नाव मिळालं. मोठी झाडं शंभरच्या आतच भरली. यातही नर-मादी वेगळे. तिथे झालेलं काम मला महत्त्वाचं वाटतं. सिरसीच्या वनशास्त्र महाविद्यालयातल्या मंडळींनी झाडं मोजली, त्यांच्या फुला-फळांचा अभ्यास केला, रोपवाटिकेत रोपं वाढवली आणि ती पाणथळींत परत लावली. पुढे २०११ मध्ये तो सगळा परिसर अघनाशिनी सिंहपुच्छ वानर संवर्धन राखीवात आला, २९९ चौरस किलोमीटरहून मोठ्या. वानरासाठी राखलेल्या रानाने पाणथळीचं पाणी आपोआप राखलं. संरक्षणाचं माप पाणलोटाएवढं असलं की काय होतं, ते इथे दिसतं.

केरळाचा अनुभव उलट बाजूचा. तिथल्या सगळ्या जायफळ-पाणथळी एकत्र केल्या तरी दीड चौरस किलोमीटरच्या आसपास भरतात, आणि त्याही साठेक तुकड्यांत विखुरलेल्या. भातशेतीने त्यांची जमीन खाल्ली, कारण त्यांची जमीनच भाताची होती. तरी त्या तुकड्यांनी २०१३ मध्ये जगाला बेडकाची एक नवी प्रजाती दिली आणि तिच्या शास्त्रीय नावात 'मायरिस्टिका' गुंफलं गेलं. इतक्या लहान तुकड्यातही अजून कुणी न पाहिलेलं काही असू शकतं. हेवाळे-बांबर्डेचं चिखलातलं जीवन आपण पुरतं वाचलं आहे असं समजायचं काहीच कारण नाही.

काय करता येईल

माझं मत असं की राईभोवती कुंपण, पर्यटकांसाठी लाकडी पूल आणि मोठा फलक या क्रमाने पैसा खर्च होऊ नये. चिखलात रोज शंभर पावलं पडली तर रोपं आणि गुडघेमुळं दोन्ही मोडतील. लोकांनी यावं, पाहावं, पण कडेने आणि थोड्यांनी.

पहिलं काम राईला पाणी देणारा उतार नकाशावर उतरवण्याचं. कुठला सडा, कुठले झरे, कुठले सर्व्हे नंबर, मालक कोण. हे काम वर्षभरात होण्यासारखं आहे आणि त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. त्या नोंदवहीत राईचं पान आहे तसं तिच्या पाण्याचंही पान असावं.

दुसरं, त्या उतारावरच्या खासगी मालकांना तोडीच्या ठेकेदाराखेरीज दुसरा गिऱ्हाईक मिळाला पाहिजे. रान उभं ठेवण्याचे दरवर्षी पैसे, ठरलेल्या तारखेला, खात्यात. सातबाऱ्यावरच्या पन्नास नावांपर्यंत ते पोचवणं कटकटीचं आहे, हे मान्य. पण रबराच्या करारावर त्याच पन्नास नावांच्या सह्या गोळा होतातच की. कलम ३७ मधली भरपाईची तरतूद वाचून पाहिली तर या दिशेने जायला सरकारला वाव आहे. वन्यजीव कायद्यात खासगी आणि गावकीच्या जमिनीसाठी समुदाय राखीवाची वेगळी तरतूदही आहे. लोक तयार असतील तर ती वापरता येईल.

तिसरं रोपांचं. बी पडल्याबरोबर, ओली असतानाच, थोडी उचलून तिथल्याच पाण्याकाठी गावातल्या कुणाच्या तरी परसात रुजवावी. सगळी उचलू नये, खेकड्यांचा आणि धनेशाचा वाटा ठेवावा. वाढलेली रोपं राईच्या व्हाळाकाठी वर-खाली लावत न्यावीत. राई रुंद होणं अवघड आहे, पण व्हाळाच्या कडेने लांब होऊ शकते. आणि मादी झाडं किती, नर किती, याची खूण फुलांच्या वेळी एकदा करून ठेवावी.

या सगळ्याआधी एक अगदी साधं मोजमाप सुरू व्हावं. राईत पाणी शिरतं तिथे आणि बाहेर पडतं तिथे खुणा केलेली एकेक काठी रोवायची. दर पंधरा दिवसांनी शाळेतल्या मुलांनी जाऊन पाण्याची उंची लिहून आणायची. गुडघेमुळांच्या आसपास एक मीटर बाय एक मीटरच्या ठरावीक चौकटीत कोवळी रोपं किती, तेही लिहायचं. यंत्र नको, निधी नको, कुणाची परवानगी नको. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली नोंद सगळ्यात मोलाची, पहिला पाऊस पडायच्या आधीची. त्या आठवड्यात काठीवर पाणी कुठल्या खुणेला टेकतं आणि चौकटीत किती रोपं ताठ उभी आहेत, हे दोन आकडे पाच-सहा वर्षं सलग हाती आले की वरच्या अंगाला काय चाललंय ते कुणाला वेगळं विचारावं लागणार नाही.